मसाला आणि काष्ठगंध : हे अत्तर नेमके कुणाला शोभते?

भंडारा, प्रतिनिधी

अत्तरांच्या आणि परफ्यूमच्या दुकानांत 'स्पायसी वुडी' ही शब्दजोडी आता सर्रास कानी पडते. मिरी, वेलदोडा, लवंग, दालचिनी, जायफळ या मसाल्यांचा दरवळ आणि त्याखाली चंदन, वाळा, देवदार, नागरमोथा अशा काष्ठगंधी द्रव्यांची बैठक, अशी या सुगंधांची बांधणी असते. खोका बहुधा काळा किंवा गडद तपकिरी असतो आणि वर्णनात 'धीरगंभीर', 'आत्मविश्वासू', 'रुबाबदार' ही विशेषणे ठरलेली असतात. ग्राहकाच्या मनात मग प्रश्न उभा राहतो, की हा सुगंध आपल्या व्यक्तिमत्त्वाला शोभेल काय?

प्रश्न वरवर चैनीचा वाटला तरी तो क्षुल्लक नाही. नामांकित विदेशी बनावटीच्या एका बाटलीला आज कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. भंडाऱ्यासारख्या धानउत्पादक जिल्ह्यात ही रक्कम लहान नव्हे. शिवाय पॅरिसच्या हवेत शोभणारा सुगंध मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या तुमसर किंवा पवनीत तसाच वागेल, याची खात्री कोणतीही जाहिरात देत नाही. त्यामुळे हा सुगंध कशापासून बनतो, तो अंगावर कसा उलगडतो आणि 'व्यक्तिमत्त्वा'ची भाषा कितपत खरी, हे खरेदीपूर्वी समजून घेणे हिताचे आहे.

तीन टप्प्यांचा सुगंध

परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले सुगंधी तेल. त्यातील घटक एकाच वेगाने उडून जात नाहीत आणि या वेगावरच त्याची रचना आधारलेली असते. प्रथम जाणवतो तो हलका, चटकन उडणारा थर. संत्रे-लिंबाच्या जातीची तेले, वेलदोडा, मिरी, आले यांचा ताजा तिखटपणा त्यात असतो आणि तो साधारण पाऊण तासात ओसरतो. दुसऱ्या टप्प्यात लवंग, दालचिनी, जायफळ यांचा उबदार गंध पुढे येतो. तिसरा टप्पा जड रेणूंचा असतो. चंदन, वाळा, देवदार, पाचोळी आणि नागरमोथा यांचा हा थर कित्येक तास टिकतो आणि कपड्यावर तर दुसऱ्या दिवशीही जाणवतो.

मसाला आणि काष्ठ यांची जोडी जुळते ती याच कारणाने. मसाला लक्ष वेधून घेतो, पण फार काळ थांबत नाही. काष्ठगंध गाजावाजा करत नाही, मात्र शेवटपर्यंत साथ सोडत नाही. 'ओ द परफाँ' असे लिहिलेल्या बाटलीत सुगंधी तेलाचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के, तर 'ओ द त्वालेत'मध्ये ५ ते १५ टक्के असते. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसते, म्हणून त्याचा एक थेंबही पुरेसा होतो.

धुऱ्यावरच्या तणातील मिरी

हे कूळ परके आहे, हा समज मात्र दूर व्हायला हवा. धानाच्या धुऱ्यावर, पऱ्ह्यात आणि भाजीपाल्याच्या वाफ्यात वाढणारा लव्हाळा शेतकऱ्याला चांगलाच परिचित आहे. निंदणात तो वरून उपटला जातो, पण जमिनीखालचा कंद शाबूत राहतो आणि आठवडाभरात पुन्हा फुटतो. जगातील सर्वांत त्रासदायक तणांत त्याची गणना होते. त्याचा काळसर कंद फोडून हुंगला, तर माती, लाकूड आणि किंचित तिखटपणा यांचा मिश्र वास येतो.

या कंदाच्या तेलातील एक घटक पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केला आणि १९६७ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. लव्हाळ्याच्या 'सायपेरस रोटुंडस' या शास्त्रीय नावावरून त्याला 'रोटुंडोन' हे नाव मिळाले. पुढे चार दशके हा रेणू रसायनशास्त्राच्या पुस्तकांतच राहिला. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की शिराझ द्राक्षांच्या मद्यात जाणवणारा मिरीसारखा वास याच रेणूचा असतो आणि खुद्द काळ्या मिरीच्या वैशिष्ट्यपूर्ण गंधातही त्याचा मोठा वाटा आहे. मसाला आणि काष्ठगंध यांचे नाते दुकानदाराने जुळवलेले नाही, तर ते निसर्गातच आहे, याचा यापेक्षा बोलका पुरावा सापडणे कठीण.

लव्हाळ्याचाच जवळचा नातेवाईक म्हणजे सुगंधी व्यवसायातील नागरमोथा. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यातून गोळा होणाऱ्या त्याच्या कंदांचे तेल 'सायप्रिऑल' या नावाने जगभरच्या परफ्यूममध्ये वापरले जाते. ऊद, म्हणजे अगरूचा महागडा गंध उभा करताना त्याची विशेष मदत होते. जे कूळ इकडे निंदणाच्या मजुरीचा खर्च वाढवते, त्याच कुळाचे तेल तिकडे उंची बाटलीत जाते.

उटण्याचा डबा आणि कूलरचा वाळा

मराठी घरात मसालेदार काष्ठगंधाची पहिली ओळख होते ती नरकचतुर्दशीच्या पहाटे. चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, गव्हला आणि आंबेहळद यांच्या चूर्णातून बनणारे उटणे हे या कुळाचेच घरगुती रूप आहे. घरोघरी प्रमाण वेगळे असले, तरी तळाशी काष्ठगंध आणि वर तिखट-उबदार छटा ही रचना तीच राहते.

विदर्भातील उन्हाळ्याची दुसरी खूण म्हणजे वाळा. नदी-नाल्यांच्या काठी वाढणाऱ्या या गवताच्या मुळ्यांच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत जुनी आहे. पुढे तोच वाळा कूलरच्या जाळीत आला आणि माठातल्या पाण्यात तर तो आजही पडतो. याच मुळ्यांचे तेल 'व्हेटिव्हर' या नावाने ओळखले जाते. जगात त्याचे सर्वाधिक उत्पादन कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात होते. पुरुषांसाठीच्या कित्येक प्रसिद्ध परफ्यूमचा पाया हेच तेल आहे. २००६ साली बाजारात आलेले 'तेर द'एर्मेस' हे त्याचे ठळक उदाहरण. त्यात संत्रे आणि मिरीखाली वाळा व देवदाराची बैठक आहे.

अत्तराच्या परंपरेत या कुळाचा मान 'शमामा'ला जातो. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे लवंग, वेलदोडा, जायफळ, जटामांसी, नागरमोथा आणि इतर अनेक वनस्पती तांब्याच्या देगेत उकळून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवली जाते. देगेचे झाकण चिकणमातीने लिंपलेले असते आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जाते. हे काम अनेक दिवस चालते. हिवाळ्यात लावायचे उष्ण अत्तर म्हणून शमामा ओळखला जातो.

स्वभाव नव्हे, ऋतू

सुगंध आणि व्यक्तिमत्त्व यांची सांगड आपल्याकडील जुन्या ग्रंथांत आजच्यासारखी आढळत नाही. तेथे पहिला विचार ऋतूचा आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथातील ऋतुचर्येत हेमंतात केशर, कस्तुरी आणि अगरू यांचा, तर ग्रीष्मात शीतल चंदनाचा उपयोग सांगितला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथातही अंगाला लावायच्या उटी ऋतूनुसार दिल्या आहेत. त्याही आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. १६ द्रव्यांतून कोणतीही चार निवडण्याचे १८२० प्रकार होतात, हा हिशेब त्यात येतो. सुगंध ही गणिताची आणि हवामानाची बाब आहे, असा हा दृष्टिकोन होता.

व्यक्तिमत्त्वाची भाषा आली ती विसाव्या शतकातील जाहिरातीबरोबर. एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांत निवड करण्यासाठी ग्राहकाला काहीतरी आधार हवा असतो आणि 'हा सुगंध तुमच्यासारखा आहे' हे वाक्य तो आधार देते. त्यात अजिबात तथ्य नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. काष्ठगंध सावकाश उडतो, म्हणून तो संयमी वाटतो. देव्हाऱ्यातील चंदन, जुने सागवानी कपाट, मसाल्याचा डबा यांच्याशी तो जोडलेला असल्याने त्यातून प्रौढत्व आणि आपुलकी सूचित होते. पण हा अर्थ वासात नसतो, तर तो आठवणीत असतो.

लवंगेचेच उदाहरण घ्यावे. तिच्या तेलातील प्रमुख घटक युजेनॉल हा दातांच्या औषधांतही वापरला जातो. फ्रान्समधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दंतवैद्याची धास्ती असलेल्यांना हा वास अप्रिय वाटला, तर ज्यांना अशी धास्ती नव्हती त्यांना तो सुखद वाटला. एकाला लवंगेने मसालेभाताची आठवण होते, तर दुसऱ्याला दाढदुखीची. मग एकच अत्तर दोघांना 'आत्मविश्वासू' कसे बनवणार?

पुरुषी म्हणजे काय?

मसालेदार काष्ठगंध पुरुषांचा आणि फुलांचा सुगंध स्त्रियांचा, ही विभागणीही बाजाराचीच आहे. लवंग, जायफळ यांच्या गंधासाठी प्रसिद्ध असलेल्या 'ओल्ड स्पाइस'चे पहिले उत्पादन १९३७ साली अमेरिकेत आले, ते स्त्रियांसाठी! पुरुषांसाठीचे त्यानंतरच्या वर्षी, १९३८ साली आले आणि पुढे तेच नाव दाढीनंतरच्या लोशनशी जोडले गेले. १९८९ साली आलेल्या 'सामसारा' या स्त्रियांसाठीच्या परफ्यूमचा पाया मोगऱ्याच्या कुळातील फुले आणि चंदन हा होता. १९९२ सालच्या 'फेमिनिते द्यू ब्वा' या सुगंधाच्या नावाचाच अर्थ 'काष्ठाचे स्त्रीत्व' असा होतो. देवदार आणि मसाल्यांवर तो बेतलेला होता.

आपल्या परंपरेत तर हा भेद कधीच नव्हता. चंदनाची उटी आणि दिवाळीचे उटणे घरातल्या सर्वांसाठी एकाच वाटीत कालवले जाते.

प्रत्येकाचे नाक वेगळे

निवड व्यक्तिगत असते, याला मात्र शास्त्राचा भक्कम आधार आहे. गंध ओळखणाऱ्या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली लावला आणि २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात असे सुमारे ४०० कार्यक्षम ग्राहक असतात आणि त्यांची जडणघडण व्यक्तीगणिक बदलते. रोटुंडोनवरील २००८ सालच्या त्या अभ्यासात सुमारे २० टक्के परीक्षकांना पाण्यात मिसळलेल्या या रेणूचा वास मोठ्या प्रमाणातही आला नाही. म्हणजेच एकाला तिखट वाटणारे अत्तर दुसऱ्याला नुसते लाकडी वाटू शकते, आणि दोघेही खरेच सांगत असतात.

त्वचेचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रागमधील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पुरुषांना स्वतः निवडलेला आणि इतरांनी ठरवून दिलेला, असे दोन सुगंध वापरायला देण्यात आले. वास घेणाऱ्यांना, स्वतः निवडलेल्या सुगंधाचे देहगंधाशी झालेले मिश्रण अधिक सुखद वाटले. माणूस नकळत आपल्या त्वचेशी जुळणारे अत्तर निवडतो, असा त्याचा मथितार्थ. 'व्यक्तिमत्त्वाला शोभणे' या शब्दप्रयोगात काही सत्य असेल, तर ते येथे आहे.

भंडाऱ्याच्या हवेत

तापलेल्या त्वचेवरून सुगंध वेगाने उडतो आणि सुरुवातीला अधिक तीव्र भासतो. दालचिनी, लवंग, जायफळ यांचा जड मसाला मे महिन्यात म्हणूनच अंगावर येतो. जिल्ह्यातील लग्नसराई नेमकी याच दिवसांत असते आणि मंडपातील गर्दीत असे अत्तर शेजाऱ्याचे डोके उठवू शकते. उन्हाळ्यात वाळा किंवा चंदनप्रधान, वेलदोड्याची हलकी छटा असलेला सुगंध योग्य. पावसाळ्यातील दमट हवेत गंध रेंगाळतो, त्यामुळे मात्रा निम्मी पुरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मात्र मसालेदार काष्ठगंधाचा खरा हंगाम होय.

काही साध्या गोष्टी खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचवतात.

खरेदीपूर्वी सुगंध कागदी पट्टीवर नव्हे, तर मनगटावर लावावा आणि किमान तीन तास थांबून मग निर्णय घ्यावा. दुकानात आवडतो तो पहिला थर असतो, पण दिवसभर सोबत राहतो तो तिसरा. एका वेळी दोन-तीनपेक्षा अधिक नमुने हुंगू नयेत. मध्ये कॉफीचे दाणे हुंगायला देण्याची प्रथा असली, तरी साधी मोकळी हवा तितकीच उपयोगी पडते, असे २०११ सालच्या एका चाचणीत आढळले आहे.

दालचिनीतील सिनामाल आणि लवंगेतील युजेनॉल यांची काहींना अ‍ॅलर्जी असते. युरोपीय संघात या घटकांचा वेष्टनावर नावानिशी उल्लेख करणे बंधनकारक आहे. संवेदनशील त्वचेच्या व्यक्तींनी कोपराच्या आतल्या बाजूस थेंब लावून एक-दोन दिवस पाहावे. पुरळ किंवा खाज आल्यास वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

तेलाचे अत्तर कपड्यावर, विशेषतः मोहाडी तालुक्यातील आंधळगावसारख्या ठिकाणी विणल्या जाणाऱ्या कोशाच्या वस्त्रांवर थेट लावू नये, कारण डाग निघत नाही. रुग्णालय, वर्ग आणि भरलेली एसटी बस ही तीव्र सुगंधाची ठिकाणे नव्हेत. दमेकऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

चंदनाचा हिशेब

'शुद्ध चंदन' असे लिहिलेली स्वस्त कुपी पाहून सावध व्हावे. चंदनाचे तेल फक्त गाभ्याच्या लाकडात आणि मुळांत असते. हा गाभा तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि झाड वाढते तेही शेजारच्या झाडांच्या मुळांतून पोषण घेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अस्सल तेलात अल्फा-सँटालॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटालॉल १६ ते २४ टक्के असावे लागते. एवढ्या खटाटोपाने मिळणारे तेल शे-दोनशे रुपयांत देणे शक्य नाही. स्वस्त कुप्यांत बहुधा कृत्रिम चंदनगंध आणि पॅराफिनसारखा वाहक असतो. कृत्रिम गंध म्हणजे फसवणूक नव्हे, कारण आधुनिक परफ्यूमचा मोठा भाग त्यावरच उभा आहे. मात्र अस्सल म्हणून कृत्रिम विकणे ही फसवणूकच होय.

या मागणीची किंमत झाडालाही मोजावी लागली आहे. भारतीय चंदनाचा समावेश आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ सालच्या कायद्याच्या अनुसूचीत चंदनाचा समावेश आहे. झाड खासगी जमिनीवर असले, तरी परवानगीवाचून ते तोडता येत नाही. रात्रीतून चंदनाची झाडे कापून नेण्याचे प्रकार विदर्भाला नवे नाहीत. स्वस्त आणि बिनपावतीच्या चंदनाचा ग्राहक या साखळीचे शेवटचे टोक असतो, हे विसरता कामा नये.

मग कुणाला शोभते?

ज्याला सुगंधाने इतरांना दुरून हाक मारायची आहे, त्याच्यासाठी हे कूळ नाही. त्यासाठी फुलांचे आणि लिंबू-संत्र्याचे सुगंध आहेत. मसालेदार काष्ठगंध शोभतो तो जवळ आलेल्यालाच जाणवावा, असे वाटणाऱ्याला. त्याचा पहिला तिखटपणा ओसरेपर्यंत थांबण्याची तयारी हवी, ऋतूप्रमाणे मात्रा बदलण्याची सवय हवी आणि थेंबभर लावून कुपी बंद करण्याचा संयमही हवा. वय, हुद्दा, स्त्री-पुरुष हा भेद येथे गौण ठरतो.

ही निवड करण्यासाठी हजारोंची बाटली विकत घेण्याचीही गरज नाही. दिवाळीच्या उटण्याचा वास ज्याला न्हाणीघराबाहेर आल्यावरही हवाहवासा वाटतो आणि पाणी पडलेल्या वाळ्याजवळ जो क्षणभर रेंगाळतो, त्याला आपले उत्तर आधीच मिळालेले असते.